सिस्टरची हलकी गाडी

"भरलं किती?" सिस्टर विचारायच्या.

गाडीचा कुठलाही भाग मी सोडवून हातात घेतला की आधी हा प्रश्न यायचा. मग त्या आपल्या पिशवीतून काटा काढायच्या. बाळांचं वजन करायचा काटा, घड्याळासारखी गोल तबकडी असलेला. गॅरेजच्या शेडमधल्या आडव्या पाइपाला तो टांगायचा, बाळाला बसवायची कापडी झोळी काढून घडी करून बाजूला ठेवायची आणि खालच्या हुकाला माझा तेलकट लोखंडी माल लटकवायचा. तबकडीवरचा काटा थांबेपर्यंत त्या श्वास रोखून बघत राहायच्या. समोर एखादं बाळच असल्यासारखं.

माझं गॅरेज शिरूर तालुक्यात, इनामगावच्या अलीकडं फाट्यावर आहे. सिस्टर तिथल्या उपकेंद्रात बदलून आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. माहेर-सासर दोन्ही दौंडकडचं. उंची जेमतेम पावणेपाच फूट, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. लस देणं, गरोदर बायकांची तपासणी, वाड्यावस्त्यांवर फिरणं हे त्यांचं काम. पहिलं वर्षभर त्या दूधवाल्यांच्या गाडीवर मागं बसून किंवा सरळ पायी फिरल्या. मग एक दिवस एक जुनी शंभर सीसीची मोटारसायकल ढकलत माझ्याकडं आल्या.

मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही स्कूटी घ्यायची होती."

"स्कूटीचं चाक एवढंसं. पाणंदीच्या चाकोरीत घातली की बाहेर येत न्हाई. दोनदा मागून बघितली शेजारणीची, दोन्ही वेळा बैलानं काढली."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडची काळी माती तुम्ही पाहिली असेल, तर तुम्हालाही पटेल. मोठ्या चाकाची गाडीच तिथं टिकते. पण मोटारसायकल सव्वाशे किलोच्या आसपास आणि सिस्टर स्वतः बेचाळीस. बसल्यावर पायाची नुसती बोटं टेकायची. गाडी कलली की त्यांच्याच्यानं सावरायची नाही. पहिल्या आठवड्यात तीन वेळा त्या कॅनॉलच्या कडेला पडल्या आणि तिन्ही वेळा कुणी माणूस येईपर्यंत गाडीशेजारी बसून राहिल्या.

"मिस्तरी, माझं वजन काय वाढायचं न्हाई आता. गाडीचंच कमी करा," त्या म्हणाल्या.

गाड्या सजवून घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं पुष्कळ येतात. कुणाला रुंद टायर हवा असतो, कुणाला फटफट आवाज. वजन कमी करून मागणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, दोन-चार वस्तू काढून देऊ, समाधान होईल. पण सिस्टर दर रविवारी येऊन बसू लागल्या. पुढचं लेगगार्ड काढलं. काट्यावर सव्वातीन किलो भरलं.

"हे तर चांगलं भरलेलं बाळ हाय," त्या खूश होऊन म्हणाल्या.

मधलं स्टँड काढलं, ते बरोबर अडीच किलो. "काठावर हाय. थोडं कमी असतं तर रोज जाऊन बघावं लागलं असतं." साडीगार्ड आठशे ग्रॅम भरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, असंही एक बाळ त्यांच्या हातात आलं होतं, चार दिवस जगलं. मग त्यांनीच पुढचा पाना माझ्या हातात दिला.

असं आमचं काम चाललं. लोखंडी मडगार्डच्या जागी प्लास्टिकचे आले. स्टीलच्या रिंगा काढून मी अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या, हँडलही तसंच. आम्लाची जड बॅटरी गेली आणि हाताच्या तळव्यावर मावेल एवढी लिथियमची आली. मागचे शॉकअप आखूड केले, सीटचा फोम तासून काढला. शेडच्या पत्र्यावर सिस्टर खडूनं आकडे लिहीत जायच्या. सायलेन्सरसुद्धा हलका मिळत होता, दीड किलो वाचलं असतं. मी तो आणून लावलाही. गाडी सुरू केली तर फाट्यावरची कुत्री उठून उभी राहिली.

"हा काढा," सिस्टर म्हणाल्या. "मी जाते त्या घरात पोरं निजलेली असत्यात."

दीड किलो त्यांनी सोडून दिलं. सगळं मिळून तेरा किलोंच्या वर वजन उतरलं. गाडी तयार झाली त्या रविवारी त्यांनी ती मुद्दाम जमिनीवर आडवी पाडली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली, पाठ सीटला लावली आणि दोन्ही पायांनी रेटा देत एकटीनं उभी केली. मग परत पाडली, परत उचलली. तिसऱ्यांदा पाडायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, आता राहू द्या, इंडिकेटर फुटेल.

त्यानंतर मीटरचं वेड सुरू झालं. त्या जुन्या गाडीत पेट्रोलचा काटा नव्हता, तो बाहेरचा घेऊन लावला. बॅटरीचा व्होल्ट दाखवणारा लावला. एक दिवस माझ्या टेबलावर त्यांना एक गोल डिजिटल मीटर दिसला. इंजिन किती तापलं ते दाखवणारा, लांबच लांब वायर असलेला. शिरूरच्या एका हौशी माणसाच्या गाडीसाठी मी तो आणला होता.

"हा गार पण दाखवतो का?" सिस्टरनी विचारलं.

तो दाखवत नव्हता, वीसच्या खाली त्याची अक्कल चालत नव्हती. पण त्यांना काय हवं आहे ते मला समजलं. लस घेऊन जायचा त्यांचा निळा डबा मागच्या कॅरियरला बांधलेला असायचा. आत बर्फाच्या चपट्या बाटल्या आणि मधे लस. ती दोन ते आठ डिग्रीतच राहायला हवी, उन्हात तापून चालत नाही आणि गोठूनही चालत नाही. त्यांना गाडी चालवताना डोळ्यांसमोर तो आकडा हवा होता.

मी दौंडला जाऊन फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याकडून थंडाव्याचा सेन्सर आणला, त्याचा आकडा गाडीच्या गोल मीटरच्या घरात बसवला आणि वायर केसासारखी बारीक घेऊन डब्याच्या झाकणाच्या रबराखालून आत सोडली. सिस्टरनी झाकण दहा वेळा उघडून-मिटून पाहिलं. मग शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ आणून पाण्यात टाकायला लावला आणि त्यात सेन्सर बुडवायला लावला. आकडा शून्यावर येऊन थांबला. तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. फाट्यावरचे लोक त्या गाडीला सिस्टरचं विमान म्हणायला लागले. सिस्टरना ते आवडायचं, पण तसं त्या दाखवायच्या नाहीत.

आता ज्या दिवसासाठी मी हे सांगायला बसलो, तो सांगतो. माझी मुलगी यास्मिन बाळंतपणाला माहेरी आली होती. नात अडीच महिन्यांची झाली होती, तिची दुसरी सुई राहिली होती. हिवाळ्याचे दिवस होते. अंगणवाडीत लस द्यायचा वार होता आणि यास्मिन बाळाला दुपट्यात गुंडाळून गॅरेजमध्येच थांबली होती, सिस्टर जाताना त्यांच्या मागोमाग जायचं म्हणून.

सिस्टर आल्या, हात करून पुढं निघाल्या आणि दहा पावलांवर थांबल्या. गाडीवरून न उतरता मीटरकडं बघत राहिल्या. मी जवळ गेलो. आकडा होता मायनस दीड.

"थंडीमुळं चुकत असंल मीटर," मी म्हणालो.

त्यांनी मला बर्फ आणायला सांगितला. बर्फाच्या पाण्यात सेन्सर घातला, आकडा शून्यावर थांबला. मीटर बरोबर होता. सिस्टर माझ्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, बर्फाच्या बाटल्या डीपफ्रीजमधून काढल्या की जरा वेळ बाहेर ठेवायच्या असतात, त्यांना पाझर फुटला, हलवून पाण्याचा आवाज आला की मग डब्यात भरायच्या. सकाळी उशीर झाला होता. त्यांनी घाई केली. तशाच भरल्या.

"मग आता?" मी विचारलं.

"गोठली असंल तर सुई टोचल्यासारखी टोचली जाईल. पण आत काम करायची न्हाई."

अंगणवाडीत तीसेक बायका वाट बघत होत्या. रोजगार बुडवून आलेल्या, लांबच्या वस्त्यांवरून पोरं कडेवर घेऊन चालत आलेल्या. आणि मी, मला आजही सांगायला लाज वाटते, मी म्हणालो, "सिस्टर, द्या देऊन. कुणाला काय कळणार हाय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. यास्मिनच्या मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं आणि विचारलं, "हिला पण देऊ का, मिस्तरी?"

यास्मिननं दुपटं आणखी जवळ ओढून घेतलं.

सिस्टर उठल्या, डबा बांधला आणि अंगणवाडीत गेल्या. मीही मागून गेलो. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना सरळ सांगितलं, की लस गोठली आहे, चूक माझी आहे, आज सुई देणार नाही. तोंडातून पाजायच्या पोलिओच्या थेंबांना गोठणं चालतं, तेवढे त्यांनी पाजले. बायका चिडल्या. एक आप्पा नातवाला घेऊन आले होते, ते फार बोलले. सरकारचा पगार खाता, तुमच्या वर कळवतो म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "कळवा, आप्पा. मी पण कळवणार हाय." कुणी आणखी काही म्हणालं की त्या फक्त "व्हय, माझं चुकलं" एवढंच म्हणत आणि पुढच्या बाळाच्या तोंडात थेंब सोडत.

त्यांनी सगळ्या बाटल्या परत नेल्या आणि कारण लिहून खाली स्वतःचं नाव घातलं. कोणी विचारलं नसतं तरी लिहिलं. त्यांना मेमो आला. नोकरीतला तो पहिलाच, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्या गाडीची साखळी फडक्यानं पुसत होत्या, पुसून झाली तरी पुसतच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत निम्म्याच बायका आल्या. उरलेल्या रागावून आल्या नाहीत की कामावर गेल्या होत्या, कोण जाणे. सिस्टर पुढचे तीन दिवस डबा बांधून वस्तीवस्तीवर गेल्या. नदीकाठच्या मळ्यात, खडीच्या खाणीवर, विटभट्टीवर. एकेका घरापुढं गाडी उभी करून आधी मीटर दाखवायच्या, म्हणायच्या, बघा, चार हाय, आणि मग आत जायच्या. त्या आप्पांच्या घरी दोनदा जावं लागलं. दुसऱ्या वेळी आप्पांनी नातवाला स्वतः बाहेर आणलं. चहा केला का, असं मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "केला. साखर जरा कमी होती."

माझ्या नातीला त्यांनी आमच्या घरीच सुई दिली. पाय धरायला मला सांगितलं. एवढे पाने-हातोडे धरलेले माझे हात, पण ती मुठीएवढी मांडी मी नुसत्या दोन बोटांत धरली. सिस्टर म्हणाल्या, घट्ट धरा, नट धरताय असं समजा. मी तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिलो. बाळ रडलं आणि मग गप्प झालं, तोवर त्या कार्डावर तारीख लिहून निघालेल्यासुद्धा होत्या.

अशा रीतीनं त्या पाच वर्षं आमच्या भागात होत्या. पडल्या दोन-चार वेळा, पण उठायला त्यांना पुन्हा कुणाची वाट बघावी लागली नाही.

गेल्या उसाच्या हंगामात त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम, नारळ, शाल, सगळं आदल्या दिवशी झालं होतं. सामान टेम्पोनं खुटबावला त्यांच्या भावाकडं गेलं. त्या स्वतः गाडीवर जाणार होत्या. जाताना हवा भरायला माझ्याकडं थांबल्या. मी चाकं बघितली, ब्रेक बघितले, केबलला तेल सोडलं. आणखी काही बघायचं उरलं नव्हतं, तरी मी उगाच एक-दोन नट आवळले.

तेवढ्यात ऊसतोडीच्या तळावरून एक बाई आली. मराठवाड्याकडची, दोनच आठवड्यांपूर्वी टोळी आली होती. कडेवर मूल आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं लसीचं कार्ड. तिला निरोपाचं काही ठाऊक नव्हतं.

"सिस्टर, आज सुई हाय का?"

सिस्टरनी गाडी स्टँडला लावली, चष्मा काढून लावला, कार्ड उलटसुलट पाहिलं. मुलाचा दंड चाचपला, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग खिशातला पेन काढून कार्डावर लिहिलं.

"मंगळवारी ये. अंगणवाडीत, धा वाजता. तवा दुसऱ्या सिस्टर असतील, त्यांना हे दाखव."

"तुम्ही न्हाई का?"

"मी न्हाई. पण तू ये."

त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, गाडी सुरू केली आणि दौंडच्या रस्त्याला लागल्या. आवाज इतका कमी, की उसाच्या पहिल्या फडापलीकडं ऐकूच आला नाही.

ती बाई तिथंच उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड माझ्यापुढं धरून विचारलं, "मंगळवारच लिहिलाय ना, भाऊ?" मी म्हणालो, मंगळवारच.

मंगळवारी मी गॅरेज उशिरा उघडलं. अंगणवाडीच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो. नव्या सिस्टर आल्या होत्या, टेबल मांडून बसल्या होत्या. रांगेत ती तिसरी होती, मुलाला कडेवर घेऊन, पिशवीतून कार्ड आधीच बाहेर काढून.