वरच्या मजल्यावरचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय — चार इवलीशी झाडं मेली, इतकंच. पण इतकंच असतं, तर गेली दोन वर्षं मी वरच्या मजल्यावर जायचं टाळलं असतं का?

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, समोरच्या फ्लॅटमध्ये, मालतीकाकू एकट्या राहतात. त्यांच्या बाल्कनीत एक दगडी डोण आहे, गावी गुरं जिच्यात पाणी प्यायची तसली. तिच्यात त्यांनी बियांपासून हिमालयातली झाडं वाढवली होती. झाडं म्हणजे — अंगठ्याएवढे करडे-हिरवे गोळे, खडीत घट्ट बसलेले, अंगावर बारीक लव. काकू त्यांना उन्हाळाभर हिरव्या जाळीची सावली करत, डोणीला ओलं गोणपाट गुंडाळत, वर टेबलफॅन लावत. "मालतीताई, नवऱ्यालाही कुणी एवढा वारा घालत नाही हो," आई म्हणायची.

एका एप्रिलमध्ये एका गोळ्यावर फुलं आली. साबुदाण्याएवढी, पांढरी, मध्ये पिवळा ठिपका. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिले. बर्फाखाली झोपणारा जीव — तो इथे, या घामात, कसा काय जागा झाला होता? फुलांना माझा श्वास लागेल म्हणून मी तोंडावर हात धरला होता.

असे सहा उन्हाळे ती झाडं जगली. सातव्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे भाचीकडे पुण्याला गेल्या आणि डोण माझ्यावर सोपवली. "टँकरचं पाणी थेंबभरही नको, खारट असतं. शेजारच्या शहाभाभी एसीचं पाणी साठवतात, तेच घाल. त्या गावाला गेल्या तर वरच्या मजल्यावर सगळ्यांकडे एसी आहेत, कुणाचंही दार वाजव. पाणी मागायला इंग्लिश लागत नाही, बाय."

शहाभाभी पाचव्या दिवशी सुरतला गेल्या. आमच्याकडे एसी नाही.

मी वर गेले. चार दारं. एका बेलवर बोट ठेवलं — दाबलं नाही. काय म्हणणार होते? आंटी, एसी का पानी चाहिए? मग त्या विचारणार, कोण, कशाला, नोकरी लागली का. मी खाली आले आणि नळाखाली झारी भरली. टँकरचंच पाणी ते. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोज.

खडीवर पांढरा थर धरला. मी काय केलं असेल? जुन्या टूथब्रशने तो घासून काढला. पाणी बदललं नाही, खूण पुसली.

काकू काळा चष्मा लावून परतल्या. एकेक तपकिरी गोळा बोटाने चाचपत राहिल्या.

"पाणी एसीचंच ना?"

"हो. वरच्या मजल्यावरून आणलं."

किती सहज बोलले मी — बेल दाबता न येणारी मुलगी.

"म्हणजे उष्म्यानेच. लोक म्हणायचे ते खरं. इथे नाही जगत ती."

मग त्यांनी एक गोळा हळूच सोडवला, आणि मूळ येत राहिलं. येतच राहिलं. केसासारखं बारीक, डोणीच्या तळापर्यंत गेलेलं, तिथून वळून दगडाच्या कडेकडेने फिरलेलं — माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत भरलं. अंगठ्याएवढा जीव, पाणी शोधत इतका लांब गेला होता. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. तेव्हा सांगायला हवं होतं. काकू तर आपलंच चुकलं म्हणून डोण रिकामी करत होत्या. मी खडी बादलीत भरली.

संध्याकाळी त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा दिला. पाणी देणाऱ्या माणसांना, वरती. मी डबा घेऊन वर गेले, त्या चार दारांकडे पाठ करून जिन्यात बसले आणि सगळ्या वड्या खाल्ल्या.

"आवडल्या का गं त्यांना?"

"खूप," मी म्हणाले.

आता डोणीत कोथिंबीर आहे. टँकरच्या पाण्यावरही येते. काकू अधूनमधून जुडी आणून देतात. मी घेते.