शेजारच्या खाटेवरचा श्वास

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी नवी नवरी होते. भंडाऱ्याकडून आले आणि पहिल्याच हिवाळ्यात सर्दी झाली. आमच्या ओळीतल्या सगळ्याच क्वार्टरांत नाकं गळत होती. हे म्हणाले, दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, "सर्दीले कोनी दवाखान्यात जाते का?" मग ताप चढला, श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. ह्यांनी मला उचलूनच नेलं. निमोनिया निघाला.

डाव्या हाताला शेजारच्या खाटेवर एक रेजा होती, मजूर बाई. भट्टीच्या बांधकामावर विटा वाहायची, इथल्याच खेड्यातली. तिलाही तेच. "मोला तो सरदीच होय रिहिस, बहिनी," असं ती पुन्हा पुन्हा सांगायची, जणू तिला कुणी चुकून इथं आणून टाकलं होतं. आम्हा दोघींचं रक्त एकाच सकाळी काढलं. डॉक्टर म्हणाले, दोघींच्याही रक्तात काही सापडलं नाही. ते ऐकून ती माझ्याकडे बघून हसली. मला हुडहुडी भरली की हात लांबवून आपलं कांबळं माझ्यावर टाकायची.

तिचा श्वास घरघरायचा. तो ऐकता ऐकता एका दुपारी माझा डोळा लागला. जागी झाले तर खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. नर्सबाई म्हणाल्या, "गेली."

थोड्या वेळानं तिचा नवरा आत आला. तिच्यासाठी आणलेला पेजेचा डबा हातात तसाच होता. डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तैं खा ले, बहिनी." मला नाही म्हणवेना. तो समोर उभा होता आणि मी खात होते.

बरी होऊन घरी आले. पण चूल पेटवताना, कपडे वाळत घालताना माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी घरघर श्वास घ्यायचं. ह्यांना म्हटलं, "मले आयकू येऊन राहिलं." ते थांबून कान द्यायचे. "कोनी नाही इथं," म्हणायचे आणि त्याच बाजूला येऊन बसायचे.

परवा डॉक्टरकी शिकणारी नात सांगत होती, निमोनियाच्या काही रोग्यांच्या थेट रक्तात साध्या सर्दीचे विषाणू सापडतात. तेव्हा ते शोधायची सोयच नव्हती.

"मंग ते माह्या रक्तात होते, का तिच्या?"

"अब कैसे पता चलेगा, आजी?"

बोलता बोलता ती शिंकली. मी तिचं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही.