देवापुरती हिब्रू

इस्राएलला लेकीकडे आलो आणि तिच्या इमारतीची लिफ्ट मला घेऊन दोन मजल्यांमध्ये अडकली. फटीतून शेजारणीच्या निळ्या सपाता तेवढ्या दिसत होत्या. हीच बाई लेकीला विचारायची, "तुझे वडील ज्यू, आणि हिब्रू बोलत नाहीत?"

आम्ही अलिबागकडचे ज्यू. घरात मराठी, देवाशी हिब्रू. सिनेगॉगमध्ये मी असा खणखणीत म्हणायचो की भरतीचं पाणी दबकून मागे सरायचं! पण देवाला कधी 'दार उघडा' म्हणावं लागलं नव्हतं. ते शब्दच येईनात. श्वास कोंडला, तशी मी तोंडात बसलेली शेमाची प्रार्थना ठोकली. ती आम्ही रोज म्हणतो, आणि मरतानाही.

सपाता किंचाळत पळाल्या. चार युगांनी सपातांचा बाजार भरला आणि सगळा मजला माझ्याबरोबर रडत शेमा म्हणू लागला. चाल वेगळी, शब्द तेच.

"अहो, आहात की गेलात?" त्या गर्दीतून बायको मराठीत ओरडली.

"आहे गं. आत्ताच कुठे यांच्यातला झालोय. दार उघडलं की पुन्हा मुकाच."