चार मतदार आणि एक गव्हर्नर

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार. नोव्हाय, मिशिगन. सकाळपासून राखाडी आभाळ, बोचरं वारं, मधूनमधून पाऊस.

निवडणुकीचे किस्से गॅरेजमधल्या सामानासारखे असतात. कधी आणले ते आठवत नाही, पण एक दिवस गाडी लावायला जागा उरत नाही! मिशिगनच्या गव्हर्नरच्या निवडणुकीमुळे आमच्या शनिवारच्या चहाच्या ग्रुपचं तसंच झालं. ग्रुपमध्ये सिटिझन चौघे: सतीश, नंदू, भास्करकाका आणि यंदाच सिटिझन झालेल्या त्यांच्या पत्नी कमलकाकू. मी ग्रीन कार्डवाला. टॅक्स भरायचा, मत नाही. त्यामुळे काकूंचं पहिलं मत त्यांचं स्वतःचं पडावं, काकांनी सांगितलेलं नाही, एवढाच मी ध्यास घेतला होता.

•

सर्वांत मोठा आवाज मिलिंदचा. नागपूरचा, व्हिसावर आलेला. "या गव्हर्नरला घरी पाठवा यार! कारखाने बंद पडतायत!" टेबलावर मूठ आपटून त्याने माझा कप सांडला.

"पण तुला कुठे मतदान करता येतं?"

"चर्चेला व्हिसा लागत नाही!"

•

ज्याला मतदान करता येतं तो सतीश मात्र गप्प. गाड्यांच्या कंपनीत पंधरा वर्षं काढलेली, त्याच्याच डिपार्टमेंटवर कुऱ्हाड कोसळायची होती. "अरे, नाव तरी नोंदव!" मी चिडून म्हणालो.

"नको. नाव नोंदवलं की ज्युरी ड्यूटी लागते, कोर्टात जाऊन बसावं लागतं."

"ती नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून काढतात!"

सतीश खरोखर घाबरला. "मग लायसन्स रिन्यू करू की नको?"

•

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला एका उमेदवाराचा माणूस आला. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटोसाठी रांग लागली. मी हात वर केला. लोकांच्या नोकऱ्या जातायत, तुमचा उमेदवार काय करणार, एवढंच विचारायचं होतं. अध्यक्षांनी माझा हात खाली ओढला. "पाहुण्याला असं विचारतात का?"

माझा नुसता जळफळाट! अख्ख्या संध्याकाळीत प्रश्न विचारला गेला एकच, तोही पाहुण्याने. नारळ हातात फिरवत तो म्हणाला, "हे उघडायचं कसं?"

•

नंदूने अंगणात दोन्ही उमेदवारांच्या पाट्या लावल्या. उजवीकडच्या शेजाऱ्याच्या बाजूला एक, डावीकडच्याच्या बाजूला दुसरी.

"अरे, तू मत कोणाला देणार?"

"त्या दिवशी मी शिकागोला आहे."

"मग पोस्टाने मागव की मतपत्रिका!"

"पोस्टमन पाहील ना!"

•

आणि आजचा दिवस. काका-काकूंना मतदानाला घेऊन निघालो. महिनाभर काकांचा काकूंना एकच धडा: "सगळ्यात वर पक्षाचं नाव असतं. तिथे एक खूण केली की पूर्ण पक्षाला मत. खाली काही वाचत बसू नकोस."

"वाचायचं नाही, तर चष्मा कशाला घेऊ?" काकूंनी गाडीत विचारलं.

"दिसायला!"

शाळेच्या जिममध्ये टेबलामागच्या बाईंना काकूंचं नाव लगेच सापडलं. काकांचं सापडेना. त्यांनी नाव कधी नोंदवलंच नव्हतं! काकूंचं नोंदवायला गेलो तेव्हा मी त्यांनाही चला म्हणालो होतो. "मी वीस वर्षं सिटिझन आहे. माझं नाव असणारच!" असं म्हणून ते घरीच बसले होते. वीस वर्षं सगळ्यांना राजकारण शिकवलं आणि एकदाही मत दिलं नाही!

काका लाल झाले. "ठीक आहे. मग मी हिच्याबरोबर आत उभा राहतो."

"नो, सर."

"आय ॲम द हजबंड!"

"नो, सर."

"अहो, बाहेर थांबा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा लावला.

काकू प्रत्येक ओळ वाचत होत्या. काका दारातून एक बोट वर करून दाखवत होते: वर, सगळ्यात वर! काकूंनी एकदाही मागे पाहिलं नाही.

गाडीत बसल्याबरोबर काकांनी विचारलं, "वरच केलीस ना खूण?"

काकूंनी कोटावरचं मतदानाचं स्टिकर नीट दाबून बसवलं. मग मला म्हणाल्या, "अरे, हीटर वाढव जरा."

गव्हर्नरबाई पुन्हा निवडून आल्या. आमच्या ग्रुपमधल्या चौघांपैकी मत पडलं एक.