रेंजवरचा पोपट गप्प झाला त्या दिवशी

नगरपासून तासाभराच्या अंतरावर एक फायरिंग रेंज आहे. तिथल्या रेडिओ पोस्टवर माझी पोस्टिंग जूनमध्ये झाली. मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर, नोकरीची अठरा वर्षं झालेली. डिटॅचमेंट पाच जणांची होती: एक सुभेदार, मी, लान्स नायक सोपान धिंदळे आणि दोन जवान. सहावा एक पोपट.

पोपट कुणी विकत आणला नव्हता. मी यायच्या आधी, वळवाच्या वादळात लिंबाच्या ढोलीतून पडला आणि त्याचा एक पंख कायमचा मोडला. उडता येत नव्हतं म्हणून तो राहिला. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. हे मी लोकांना सांगतो तेव्हा ते असे बघतात, जणू कायदा मीच काल रात्री बसून केला.

रिटायर झाल्यापासून मी शिंगणापूरच्या रस्त्यावर एका गावात राहतो. मला पोपटातलं कळतं अशी बातमी पसरल्यापासून माणसं पिंजरे घेऊन दारात येतात. "हवालदारसाहेब, ह्यो लई बोलतो बघा." बोलतो म्हणजे काय, तर 'राम राम' आणि 'चहा घ्या'. मालकाची छाती फुगलेली असते आणि पोपट भर उन्हाळ्यात पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेला असतो. तो आजारी आहे हे शेंबड्या पोरालाही दिसावं, पण मालकाला दिसत नाही. आपलेच शब्द परत ऐकू आले की माणूस खूश. पक्षी स्वतःचं काही सांगतो आहे ते ऐकायला कुणाला सवड नाही. मी सांगून बघतो. पालथ्या घड्यावर पाणी.

मलाही हे कळत नव्हतंच. मला धिंदळेनं शिकवलं. तो राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीचा. वय सव्वीस, अंगानं काटकुळा, कामाला वाघ. जनरेटर त्याच्या ताब्यात होता. पोपटाला त्यानं नाव ठेवलं नव्हतं. सुभेदार त्याला मिठू म्हणायचे.

"नाव कशाला पायजे," धिंदळे मला म्हणाला होता. "हाक मारून त्यो येनार हाय का? त्यो हाक मारतो तवा आपन जायचं."

0530 ला उठणं. 0600 ला सेट चेक. 0615 ला पोपट जो कर्कश ओरडायला लागायचा तो थांबायचा नाही. सुभेदार बूट फेकायचे. धिंदळे लांबूनच एकदा शीळ घालायचा आणि पोपट लगेच गप्प. मी विचारलं, ही काय जादू?

"जादू न्हाई. थवा कुठं हाय त्ये इचारतोय त्यो. आपन हाय म्हनायचं, झालं."

म्हणजे तो रोल कॉल घेत होता. मी अठरा वर्षं रेडिओच्या नेटवर दुसऱ्या स्टेशनांना हाका मारत होतो आणि खोलीतला एक जण रोज मला हाक मारत होता ते मला कळलं नव्हतं.

मग मी शिकत गेलो. संध्याकाळी चोचीवर चोच घासल्याचा किरकिर आवाज आला की स्वारी समाधानात आहे, झोपायला निघाली. एक पाय पोटाशी घेतला की निर्धास्त. डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी व्हायला लागली की बोट जवळ न्यायचं नाही. हे न शिकलेल्या एका जवानाच्या बोटाला दोन टाके पडले. मान खाली घालून मानेची पिसं उभी केली की खाजवा म्हणतोय. तुटक, एकच आवाज परत परत काढला की वर शिक्रा घिरट्या घालतो आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजारी पोपट ओरडत नाही. रानात दुखणं दाखवलं की शिकार होते, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. तो गप्प झाला की सावध व्हायचं.

आमचे सुभेदार यातलं काही शिकले नाहीत. त्यांना एकच विद्या येत होती, चुना आणि गेरू. फौजेत म्हणतात, हलेल त्याला सलाम करा, हलणार नाही त्याला चुना लावा. बाकीचे हे हसण्यावारी नेतात, सुभेदारांनी ते मनावर घेतलं होतं.

जुलैत ब्रिगेडियर साहेबांच्या व्हिजिटचा निरोप आला. चार दिवस आम्ही दगड रंगवले. जनरेटर पोस्टपासून वीस पावलांवर उघड्या ओट्यावर असायचा. सुभेदारांनी ओटाही रंगवून घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की जनरेटरमधून ऑइल गळतं आणि रंगावर डाग पडतो. ऑर्डर निघाली: जनरेटर मागच्या स्टोअरमध्ये हलवा, दार लावून घ्या, साहेबांना दिसता कामा नये. स्टोअर आणि रेडिओ रूम यांच्यात एकच भिंत, वरती पत्र्याखाली वीतभर फट.

"साहेब, धूर कोंडंल," धिंदळे म्हणाला.

"पत्र्याला फट आहे. तू इंजिनीअर आहेस का?"

"न्हाई साहेब."

"मग हलव."

व्हिजिटची वेळ 1100 होती. सकाळपासून पाऊस. 1030 ला जनरेटर सुरू केला. सेट बॅटरीवर चालतो, त्याला जनरेटर लागत नाही, हे सुभेदारांना पक्कं माहीत होतं. त्यांना साहेब आत आल्यावर पंखा फिरताना आणि ट्यूब पेटलेली दिसायला हवी होती. पाऊस आत येऊन फरशी खराब होईल म्हणून रेडिओ रूमची खिडकीही लावून घेतली. पोपटाला माझ्या टेबलाशेजारी रिकाम्या खोक्यावर बसवलं. त्यानं साहेबांना 'जय हिंद' म्हणायचं होतं. दोन महिने सुभेदार त्याला मिरची दाखवून ते शिकवत होते.

1105 ला सेटवर आमच्या पोस्टला, म्हणजे 'टायगर'ला, हाक आली. "टायगर, व्हिजिटर्स डिलेड. स्टँड बाय, ओव्हर."

"टायगर, विल्को, आउट," मी म्हणालो, म्हणजे निरोप कळला, तसंच करतो.

सुभेदार दारात आले. दोन जवानांना गेटवर उभं केलं होतं. पोपट दोन्ही पायांवर बसला होता, पिसं फुगवून, अगदी गप्प.

"बघा," सुभेदार म्हणाले. "याला शिस्त लागली. तुम्हालाच लागत नाही."

धिंदळे त्यांच्या मागून आत डोकावला. तो सुभेदारांशी बोलला नाही. माझ्याशी बोलला.

"हवालदारसाहेब, याची शेपूट बगा."

मी बघितलं. प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होत होती. त्यानंच मला शिकवलं होतं, शेपूट श्वासाबरोबर हलायला लागली तर पक्ष्याला हवा पुरत नाही.

"हितली हवा खराब हाय. याला भाईर न्हेतो. जनरेटर बंद करतो."

"जनरेटरला हात लावायचा नाही," सुभेदार म्हणाले. "पोपट इथंच राहील. आणि तू स्टोअरमध्ये जाऊन बस. ऐन वेळी मशीन बंद पडली तर तुझी गाठ माझ्याशी आहे. दार लावून घे, आवाज येतोय."

धिंदळेनं माझ्याकडे बघितलं. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. मला वाटलं, नाश्ता चुकला म्हणून. मी हवालदार होतो. मी एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, तो बरोबर बोलतोय. मी म्हणालो, "जा, बघू नंतर."

तो गेला. 1120 वाजले होते. सुभेदार छत्री घेऊन गेटवर गेले.

1140 ला पोपट खोक्यावरून पडला. फांदी सोडल्यासारखा, पंख न हलवता. मी उठलो आणि खाली कोसळलो. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. वरातीमागून घोडं. दारापर्यंत मी रांगत गेलो. बाहेर पावसात उलटी झाली. मग स्टोअरचं दार उघडलं.

धिंदळे भिंतीला टेकून बसला होता. स्विच त्याच्या हातापासून फूटभर अंतरावर होता. जनरेटर चालू होता. त्याला बंद करायचं नाही असं सांगितलं होतं, त्यानं बंद केला नव्हता.

मी तो बंद केला. मशीन थांबल्यावर रेडिओ रूममधून सेटचा आवाज ऐकू आला. "टायगर, व्हिजिट कॅन्सल्ड. ॲक्नॉलेज, ओव्हर." मी धिंदळेला बाहेर ओढत होतो. तो आवाज तीनदा आला.

मी सेटवरून मागवलेली ॲम्ब्युलन्स रेंजच्या कॅम्पमधून 1215 ला आली. नगरच्या मिलिटरी हॉस्पिटलात 1310 ला डॉक्टरांनी सांगितलं की तो वाटेतच गेला. पोपट खोक्याजवळच मेला होता. त्याला मी लिंबाखाली पुरलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सुभेदारांनी सांगितलं की पावसामुळे जनरेटर आत घेतला होता आणि धिंदळेनं कुठलीही तक्रार केली नव्हती. माझी साक्ष झाली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोपटाच्या शेपटीचं सांगायला लागलो तेव्हा प्रिसायडिंग ऑफिसरनं पेन खाली ठेवलं.

"हवालदार, फॅक्ट्स सांगा."

"साहेब, हीच फॅक्ट आहे."

ते त्यांनी लिहिलं नाही. सुभेदारांना समज मिळाली. पुढच्या वर्षी ते पेन्शनीवर गेले. आता त्यांच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात देतात. लोकांची अक्कल इथंही तेवढीच.

मी धिंदळेच्या वाडीवर गेलो तो त्याच्या सामानाची पेटी घेऊन. त्याची बायको हिराबाई दारात उभी होती, कडेवर वर्षाची मुलगी. ती रडली नाही. मला पाणी दिलं आणि विचारलं.

"त्यांना आदीच कळलं आसंल ना हवेचं? त्यांना लई कळायचं."

"कळलं होतं."

"मंग कुनाला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला सांगितलं होतं."

तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. मी तासभर ओट्यावर बसलो आणि निघालो. त्यानंतर दरवर्षी जुलैत जातो. चहा तिची सासू आणून देते.

सुभेदारांबद्दल मला जे वाटतं ते मी लपवत नाही. पण ते निदान अडाणी होते. मला शेपटीचा अर्थ येत होता. ज्याला अर्थ येतो आणि जो तरी 'बघू नंतर' म्हणतो, त्याची लायकी काय ते मी रोज दाढी करताना आरशात बघतो.

लान्स नायक सोपान धिंदळे बोलला होता. वेळेत बोलला होता, दोनदा बोलला होता. हे सरकारी कागदावर कुठंही नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.