नाव आली, नाव सांगितलं

कोलकात्यातल्या मराठी मंडळींनो, आज सासूबाईंचं डायलिसिस चुकणार म्हणून आम्ही हातपाय गाळून बसलो होतो. सॉल्ट लेकमधल्या आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. अ‍ॅम्ब्युलन्स मुख्य रस्त्यावरूनच परत गेली.

शेवटी बचाव पथकाची ती पाण्यातही चालणारी गाडी आली आणि होडीसारखी तरंगत थेट आमच्या पायरीला लागली. आतला बंगाली जवान सासूबाईंना बघून ओरडला, "मासीमा, नाव!"

सासूबाई साताऱ्याच्या, हिंदीशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "मंदाकिनी दत्तात्रय जगताप."

जवान गोंधळला; त्याला वाटलं, सासूबाई त्याच्या होडीचंच नाव ठेवताहेत. आमच्यात 'नाव' म्हटलं की माणूस आधी स्वतःचं नाव सांगतो, हे मी त्याला हिंदीत समजावलं, तेव्हा तो मनापासून हसला.

गल्लीच्या तोंडाशी पाणी संपलं आणि तीच गाडी चाकांवर हॉस्पिटलच्या दारापर्यंत धावली. सासूबाईंना मध्ये कुठेही उचलून दुसऱ्या गाडीत बसवावं लागलं नाही.

त्यांना उतरवल्यावर जवानाने वायरलेसवर कळवलं, "मंदाकिनी पहुँच गई."

हे तो सासूबाईंबद्दल बोलला की गाडीबद्दल, तुम्हाला काय वाटतं? मी आपला दोघींनाही नमस्कार केला.