हिरवळीतली मंडळी

आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम मातीतल्या सूत्रकृमींना ‘मंडळी’ म्हणतात. नुसती शेपटी बघून प्रजाती सांगतात.

कळवणच्या एका शेतकऱ्याने तपासायला दिलेली डाळिंबाखालची माती कृमी वेगळे काढायला धुताना माझ्या हातून सगळी मोरीत गेली. मी गुपचूप आवारातल्या हिरवळीची माती धुऊन ठेवली.

मॅडम मायक्रोस्कोपवर बराच वेळ वाकून होत्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, “ही तर आपल्या हिरवळीतली मंडळी.”

माझ्याकडे न बघता त्यांनी शेतकऱ्याला फोन लावला. “दादा, नमुना माझ्या हातून सांडला. उद्या मीच येते माती घ्यायला.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मातीची पिशवी आणि चाळणी त्यांनी माझ्याच हातात दिली. “सावकाश धुवा,” म्हणाल्या.

खरं काय ते मी अजूनही बोललेलो नाही.